ढोलीतलं भूत

आटपाट रान होतं. रानात धुक्यात बुडालेला एक म्हातारा बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेशीण आणि तिचं पिल्लू राहायचं. घोरपडीच्या भयाने ढोलीचं तोंड लिंपलेलं, उरली होती एक फट. त्या फटीतून बाप धनेश दोघांना उंबरं भरवायचा.

पिल्लू मात्र असं किंचाळायचं की रान दणाणायचं. मग धनेश धावत यायचा आणि उंबर चोचीत कोंबायचा. ते गप्प झालं की "सुटलो बाई" म्हणत आईबाप पेंगायचे. की पुन्हा किंकाळी!

एका सकाळी त्या आवाजाच्या मागावर घोरपड बुंध्याशी आली.

"अहो, पोराच्या पोटात भूत शिरलंय!" धनेशीण रडू लागली.

बेहडा पानांतून हळूच बोलला, "पोटात कशाला शोधतेस गं? ओरडलं की उंबर येतं, गप्प बसलं की कुणी फिरकत नाही. मग लेकराने दुसरं काय शिकावं?"

धनेश उंबर धरून फटीशी नुसता थांबला. पिल्लू दुप्पट किंचाळलं. घोरपड अर्धा बुंधा चढली.

"द्या हो ते मेलं उंबर!"

"थांब गं जरा," धनेश उंबर घट्ट धरून म्हणाला.

पिल्लू दमलं, श्वास घ्यायला गप्प झालं, आणि तेवढ्यात उंबर चोचीत पडलं. ते गप्पच राहिलं, तसं दुसरंही आलं. पिल्लू नवलाने बघतच राहिलं. धुक्यात घोरपडीला ना आवाज आला, ना फट दिसली. ती उतरून गेली.

पुढे पिल्लाला पंख फुटले, लिंपण फोडून मायलेकरं बाहेर आली, आणि तिघं धुक्यावरून तरंगत उंबरांनी लगडलेल्या झाडावर सुखाने राहायला गेली.