वरची मूठ

एका राज्यात आकाशालाच समुद्र म्हणत. माणसं त्यात गलबतं हाकीत आणि एका ताऱ्यावरचा गूळ दुसऱ्या ताऱ्यावर विकीत. आता ती गलबतं राहिली नाहीत. आठवण झाली की माझा जीव अजून कासावीस होतो. असो, कथा ऐका.

त्या व्यापाऱ्यांत लखमाई नावाची एक मालकीण होती. नवरा गेल्यावर तिनं सुकाणू हाती घेतलं. सोबत चार खलाशी आणि वाट सांगणारी एक बोलकी साळुंकी. राज्याच्या पार टोकाला एक नवा तारा सापडला, तेव्हा राजानं तिथं नवलवाडी वसवली. लखमाईची एकुलती लेक रंगू नवऱ्यासोबत तिथं राहायला गेली. पहिल्याच साली गावाचं सगळं बियाणं किडलं.

"आई, पेरणीला सात दिवस उरलेत. पेरलं नाही तर गावातली पोरं जगायची नाहीत," असा रंगूचा निरोप आला. लखमाईनं जोंधळ्याचं बियाणं गोण्यांत भरलं आणि त्याच दिवशी शीड उभारलं.

वाटेत तीन वेशी होत्या आणि तिन्हींवर दुर्धर नावाच्या चाच्याची सत्ता. शंभर वर्षांपूर्वी हाच दुर्धर राजाचा वेसकर, या वेशींचा राखणदार होता. माजला आणि एका मांत्रिकाची शिदोरी त्यानं हिसकावून घेतली. मांत्रिकानं शाप दिला. तेव्हापासून तो आणि त्याचे साथीदार जे लुटीत, त्याची राख होई. पोटात भूक पेटलेली, आणि मरणही येत नसे.

पहिल्या वेशीवर त्यानं लखमाईची लुगडी लुटली. लुगड्यांची राख झाली. दुसऱ्या वेशीवर गुळाच्या ढेपी लुटल्या. त्यांचीही राख झाली. दुसरा कोणी इथंच थांबला असता. पण शंभर वर्षं उपाशी असलेल्याला शहाणपण कुठून सुचावं!

तिसऱ्या वेशीवर त्यानं बियाणं मागितलं.

"हे सोड," लखमाई म्हणाली. "हे माझ्या लेकीच्या गावाचं आहे."

"मी हात लावला की राख होते. तूच माप घाल, नाहीतर गलबत जाळतो."

त्यानं उपरणं पसरलं. लखमाई रडत रडत मापू लागली. पहिली पायली उपरण्यात पडली आणि राख झाली. दुसरी पडली, राख झाली. तिसरीचंही तेच झालं. दुर्धरनं मान खाली घातली.

"पुरे," तो म्हणाला.

आता गंमत पाहा. गिऱ्हाइकानं 'पुरे' म्हटलं की मापावर एक मूठ वर घालायची, अशी त्या व्यापाऱ्यांची रीत होती. लखमाईनं चाळीस वर्षं ती पाळलेली. शब्द कानी पडला तसा तिचा हात आपसूक गोणीत गेला आणि मूठभर जोंधळा राखेवर पडला.

"मालकीणबाई, लुटारूला वरची मूठ?" म्हातारा खलाशी ओरडला.

लखमाईनं जीभ चावली. "हाताला काय कळतंय, बाबा!"

पण त्या मुठीची राख झाली नाही. दाणे तसेच टपोरे राहिले. दुर्धरनं चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि तो मटकन खाली बसला.

"आई जोंधळा पाखडताना माझ्या तोंडात असेच चार दाणे टाकायची," तो म्हणाला. "न मागता कोणी देईल त्या दिवशी सुटशील, असं मांत्रिक बोलला होता. लुटारूला न मागता कोण देणार? मी आशाच सोडली होती."

तेवढ्यात राखेचं पुन्हा धान्य झालं. गूळ आला, लुगडी आली.

"मला माझ्या घरी न्या," दुर्धर म्हणाला. "शेवंतपूर ताऱ्यावर."

"तो तारा साठ वर्षांपूर्वीच विझला," साळुंकी म्हणाली.

लखमाईला दुर्धरचा राग होता आणि त्याची कणवही आली. "माझी लेक वाट पाहतेय," ती म्हणाली. "यायचं तर साथीदारांना घेऊन चढ. तिथं शेतात नांगर धरायला माणसं कमीच आहेत."

सहाव्या दिवशी गलबत नवलवाडीला लागलं. रंगू आईच्या गळ्यात पडली. चाच्यांनी नांगर धरले, पेरणी वेळेवर झाली, पोरं जगली. राजानं दुर्धरला क्षमा केली आणि पुन्हा वेसकर नेमलं; त्याचं घर मात्र नवलवाडीतच राहिलं. व्यापारी निर्धास्तपणे येऊ-जाऊ लागले.

वेशीवरून जाणारं प्रत्येक गलबत वेसकराला विचारी, "गाव कोणतं, दादा?"

"शेवंतपूर," दुर्धर सांगे. ते नाव कोणालाच माहीत नसे. लोक नुसती मान हलवून पुढं जात. दोन वर्षं हे असंच चाललं. तिसऱ्या वर्षी, सुगीच्या दिवसांत, कोणा खलाशानं पुन्हा तेच विचारलं.

"नवलवाडी," दुर्धर म्हणाला, आणि गलबत दिसेनासं होईपर्यंत थांबून मग पोटभर रडला.