तारवखोलचा तांबडा हात

आज तारवखोल बंदरावर रात्री आभाळालाही लाली चढते. कॅसिनोंच्या भिंतींवर हिरवे मासे पोहतात, जांभळे फासे गडगडतात, आणि पाहणाऱ्याला घर आठवत नाही. पण एके काळी तिथं दिवेलागणीला होड्यांच्या कंदिलांखेरीज काही दिसत नसे. त्या अंधारात पहिली निऑनची पाटी पेटवली ती सगुण नळीवाल्यानं, असं म्हणतात.

सगुण ही विद्या मुंबईच्या एका कारखान्यातून शिकून आला होता. काचेची नळी जाळावर मऊ करायची आणि हवी तशी वाकवायची. वाकताना काच आत चेपली जाऊ नये म्हणून रबरी नळीतून तोंडानं हलकी फुंकर देत राहायची. चित्र पुरं झालं की पंपानं आतली सगळी हवा ओढून काढायची, चिमूटभर निऑन वायू भरायचा आणि टोक बंद करायचं. नळीवाल्यांत एक दंडक होता. हात ज्याचे, फुंकरही त्याचीच. कारण ओढून काढलेली फुंकर नळी फुंकणाऱ्याकडे जन्मभर परत मागत राहते, असं म्हणतात. नळीवाल्याला ते माहीत असतं, तो तेवढ्या तयारीनंच बसतो. दुसऱ्या कुणाची फुंकर घेतली तर त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

विश्राम शेटनं बंदरावर पहिला कॅसिनो काढला आणि सगुणला बोलावलं. शेटला समुद्रावरून दिसेल असा बाईचा हात हवा होता. खालच्या टोकाशी एकमेकींना जोडलेल्या तीन नळ्या पाळीपाळीनं पेटायच्या, म्हणजे हात 'ये, ये' म्हणतोय असं वाटेल.

"शिगम्याच्या आदी पेटाक व्हयो," शेट म्हणाला.

सगुणनं बायकोचा, सुलक्षाचा, हात समोर ठेवून चित्र काढलं. दुसऱ्या कुणाचा हात त्यानं इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. पण जाळाच्या धुरानं त्याची छाती पार गेली होती. फुंकरीच्या मध्येच खोकल्याची उबळ यायची आणि काच फुगायची, फुटायची. शिगमा तोंडावर आला.

"तुमी वाकवा, मी फुकतंय," सुलक्षा म्हणाली.

सगुण नाही म्हणाला. मग रबरी नळी तिच्या हातात दिली. माणसाची चूक अशीच होते, एकदा नाही म्हणून झालं की आपलं काम संपलं असं त्याला वाटतं. हात बनला, आणि असा बनला की काय सांगावं! सुलक्षाच्या फुंकरीला खोकला ठाऊक नव्हता.

हात पेटला आणि तारवखोलचं नशीब फिरलं. दुसऱ्या बंदराला निघालेल्या होड्या इथं लागू लागल्या. कशाला आलो हे उतरलेल्यांना सांगता येत नसे. हाताखालून जाताना छातीतून काहीतरी ओढल्यासारखं होई, म्हणत. शेट खूश होता, गाव खूश होतं.

इकडे सुलक्षा दिवसा धडधाकट असायची. संध्याकाळी बंदरावर हात पेटला की तिला धाप लागायची. ती भिंतीला टेकून बसे, आणि तिचा उजवा हात आपोआप वर उठे. बंदरावरचा हात जसा हले तसा तो हले. बांगड्या वाजत राहत. सगुणनं तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला, तरी बोटं हलायची थांबली नाहीत. तेव्हा तो खरा घाबरला.

"तो हात पेटलो की माझो जीव तिकडे ओढता," ती म्हणाली. काही दिवसांनी तेवढं बोलण्याइतकाही श्वास तिच्यात उरला नाही.

सगुणनं शेटचे पाय धरले. "त्या हातावर माझा घर चलता," शेट म्हणाला, "तो विझाचो नाय."

मग एका संध्याकाळी, वैद्यानं आशा सोडल्यावर, सगुण शिडी घेऊन गेला. सगळ्यांच्या देखत चढला, तारा कापल्या आणि हात खाली उतरवला. तारा तुटल्या तरी नळ्या पेटलेल्याच होत्या, असं म्हणतात. अडवायला कुणी पुढे झालं नाही. तो तांबडा हात पोटाशी धरून सगुण खाडीत उतरला आणि फुंकरीऐवजी ती पाणी घेईल म्हणून पाण्याखाली त्यानं नळीचं टोक मोडलं.

नळीनं पाणी ओढलं. बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा लांब श्वास काठावर सगळ्यांना ऐकू आला. पाणी मनगटापर्यंत चढलं आणि थांबलं. बोटं तांबडीच राहिली, हलतच राहिली. नळीला पाणी नको होतं.

"तिचा तिका दी," सगुण म्हणाला. "माझा घे." आणि ते मोडकं टोक पाण्याबाहेर काढून त्यानं ओठांना लावलं.

त्याला खोकला आला नाही. तो फुंकत राहिला, आणि एकेक बोट विझत गेलं.

सुलक्षा घरात उठून बसली. हात शांत होता. ती उठली आणि पळत सुटली, वाडीची उतरण, माशांचा बाजार, धक्का, कुठं न थांबता. काठच्या चिखलात सगुण गुडघ्यांवर बसलेला होता आणि मांडीवर विझलेल्या नळ्या होत्या. तिनं त्याला हाक मारली, हलवलं, पण त्याच्यात श्वास उरला नव्हता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एवढं पळून आपल्याला धाप लागलेली नाही. मग ती जी रडली, ती खाडीपलीकडं ऐकू गेली.

सुलक्षा पुढं खूप जगली. तिनं पुन्हा कधी दिवा फुंकून विझवला नाही, गरम पेजेवरही फुंकर घातली नाही. हा श्वास उधळायचा नाही, म्हणायची.

तारवखोलात अजूनही जुनी पाटी कुणी फोडून टाकत नाही. ओहोटीला ती खाडीवर नेतात आणि पाण्याखाली टोक मोडतात. कॅसिनोचे मालक असोत की झाडूवाल्या, नळी पाणी ओढून शांत होईपर्यंत जमलेले सगळे श्वास रोखून उभे राहतात. एखादं लहान मूल कासावीस होतं, तेव्हा आई त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि मागाहून त्याला सांगते, "आदी सगुणाक श्वास घेव दे, बाबा. मगे आपण."