‘मंजुळ’ची अकरावी तबकडी

“आणि त्याच्या पुढं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“पुढं काय, बाई? लावणी संपली.”

“संपली ते कळलं मला. बहिरी न्हाई झाले अजून. त्याच्या पुढं काय हाय?”

वैजनाथनं लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं.

“काही नाही. शांतता आहे.”



आता हा वैजनाथ होनराव म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. पुण्यात स्वतःचा स्टुडिओ. कान असा तिखट, की शेजारच्या खोलीतला पंखा कुठल्या सुरात फिरतोय ते सांगेल, आणि सांगितल्याशिवाय राहणार नाही. बैठकीची लावणी शिकायला तो अकरा वर्षं मोडनिंबला बाईंकडं येत होता. दर पंधरा दिवसांनी, एसटीनं. शिकला मात्र मनापासून, ते नाकारून चालायचं नाही. बाईंच्या समोर बसला की सगळा मानमरातब चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा.

एक सोडून. जुनं गाणं साफ करावं तर मीच, दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हे, ही घमेंड काही त्याच्यानं बाहेर ठेववत नसे.

आणि आज तर स्वारी हवेतच होती. पिशवीत ‘मंजुळ’चा संच होता.

‘मंजुळ रेकॉर्ड कंपनी’ आता कुणाला आठवायचं कारण नाही. पासष्ट वर्षांपूर्वी बार्शीच्या एका तेलगिरणीवाल्या शेठनं हौसेनं काढली, चौदा महिने चालवली, अकरा तबकड्या काढल्या आणि कंपनी बसली. गिरणीच्या गोदामात भिंतींना गाद्या लावून गाणी भरायची, छपाई मुंबईला. लेबलावर हिरवा पोपट. गोंधळी, शाहीर, संगीतबारीत गाणाऱ्या बायका… मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांना शेठनं खुर्ची दिली, चहा दिला आणि गायला लावलं.

त्या अकराच्या अकरा वैजनाथनं सहा वर्षं गावोगाव हिंडून गोळा केल्या. धुतल्या, खरखर काढली आणि नव्या तबकड्यांवर पुन्हा काढल्या. पाचशे संच छापून तयार होते. रविवारी पुण्यात प्रकाशन. वेष्टनावर बाईंचा तरुणपणचा फोटो, कारण अकरावी तबकडी बाईंची आणि तीच मंजुळची शान.

‘उंबऱ्यात थांबा सरदार, सुपारी कातरते अजून…’

त्याला आता एवढंच हवं होतं, की बाईंनी ऐकावं आणि म्हणावं, “झकास झालंय रे.” अकरा वर्षांत हे त्याला एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं.

“शेवटचं कडवं लाव,” बाई म्हणाल्या.

त्यानं लावलं. तो कोवळा, खट्याळ आवाज खोलीभर झाला. खरखर नाही, खरवड नाही, आत्ता कुणी समोर बसून गावं तसा. वैजनाथ मनातून फुलला आणि त्यानं हळूच बाईंकडं पाहिलं.

बाई गाणं ऐकतच नव्हत्या. कानामागं हात धरून त्या गाणं संपायची वाट बघत होत्या.

गाणं संपलं.

“न्हाई,” बाई म्हणाल्या. “ह्याच्या मागनं बोलणं होतं. शेठचा नेमच होता तसा. गाणं झालं की गाणारीनं आपल्या तोंडानं आपलं नाव सांगायचं. दुसऱ्या दहा तबकड्यांवर हाय का न्हाई?”

“आहे.”

“मग हिच्यावर कुठं गेलं?”

“कापलं मी.”

“का?”

“चुकीचं होतं, बाई.”

दोन महिन्यांपूर्वी ही तबकडी त्याला जतला एका म्हाताऱ्या हॉटेलवाल्याकडं सापडली होती. बाईंच्या पेटीत एक होती, पण तिच्या शेवटच्या रेघा खरवडून गेलेल्या. म्हणून त्यानं तिथूनच फोन लावला होता, “बाई, अख्खी मिळाली! अगदी शेवटपर्यंत!” तेव्हा फोनवर बाई हमसून हमसून रडल्या होत्या. आनंदानं रडतायत, असं त्याला वाटलं होतं.

“चुकीचं म्हंजे?”

“कंपनीवाल्यांचा घोळ. लेबलावर तुमचं नाव स्वच्छ छापलंय आणि आवाज भलतंच नाव सांगतो.”

“काय सांगतो?”

“जाऊ द्या ना.”

“वैजू. काय सांगतो?”

“छबू करकंबकर.”

बाईंनी डोळे मिटले…

वैजनाथला वाटलं, बाईंना कंपनीचा राग आला. तो पुढं सरसावला. “म्हणून तर काढून टाकलं. उद्या एखादा टवाळ उठायचा आणि म्हणायचा, ही द्वारकाबाई नव्हेच. तुमच्या नावाला बट्टा लागलेला मी खपवून घेणार नाही. गुरूचं नाव शिष्यानं राखायचं नाही, तर कुणी?”

“राखलंस बाबा. लई राखलंस.”

बाईंचा सूर त्याला बरा वाटला नाही.

“मूळचं असंल ना?” बाईंनी विचारलं. “तुमच्या त्या मशिनीत सगळं ऱ्हातं म्हणं.”

“नाही. पुसलं. मुद्दाम पुसलं मी. कच्चं ठेवलं की कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतं.”

“आणि तबकडी?”

“तिला तडा होता, बाई. लाखेचीच ती. एकदा वाजली आणि उचलताना हातातच… मधल्या भागाचा तर भुगा झाला.”

“दुसरी एखादी?”

“सहा वर्षं हिंडलो. तेवढी एकच होती.”



सत्याऐंशीच्या बाई भिंतीला धरून उठल्या. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी स्वतःची तबकडी काढली. पोपटाचा रंग उडाला होता. शेवटच्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“ही कशानं अशी झाली म्हणून सांगितलं होतं मी तुला?”

“सुई खराब होती म्हणालात.”

“खिळा होता. आणि हात माझा होता.”

बाई तबकडी घेऊन पुन्हा खाली बसल्या.

“छबू माझी पाठची बहीण. लेबलं अगोदरच छापून आली होती, द्वारकाबाई करकंबकर म्हणून. आणि भरायच्या दिवशी माझा घसा बसला. मुंबईचा मशीनवाला त्याच रातच्या गाडीनं परत जायचा होता. शेठ म्हणाला, धाकटीला बसवा. बसली. एकोणीस वर्षांची होती. एका दमात गायली बघ.”

“म्हणजे हा आवाज…”

“तिचा.”

 लहानपणी एका हॉटेलात कानावर पडलेल्या ह्याच आवाजासाठी तो पहिल्यांदा मोडनिंबच्या स्टँडवर उतरला होता.

“अकरा वर्षं माझ्यासमोर बसून गातोस,” बाई म्हणाल्या. “पंख्याचा सूर वळखतोस. आणि हा माझा आवाज न्हवं, एवढं तुला कळलं न्हाई?”

“मला वाटलं…” तो अडखळला. “मला वाटलं, वयानं तुमचा आवाज उतरला असेल.”

“तसंच वाटत असंल सगळ्यांना.”

बाईंनी तबकडी मांडीवर ठेवली.

“हॉटेलाहॉटेलात वाजली ती. मग लोक मला बोलवायचे, तीच म्हणा म्हणायचे. मी जीव ओतून म्हणायचे. आणि उठता उठता एखादा म्हणायचाच, बाई, रेकॉर्डात जास्त गोड होतं.”

त्या हसल्या. वैजनाथला ते हसणं बघवलं नाही.

“एक दिवस घेतला खिळा. चार दिवसांनी छबूनं हौसेनं तबकडी लावली. म्हणाली, अक्का, माझं नाव कुठं गेलं गं? मी म्हणाले, झिजली असंल.”

“मग?”

“मग काय… ती म्हणाली, असंल. आणि भाकऱ्या थापाया बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याच साली विषमज्वर आला आणि आठ दिवसांत गेली.”

बाईंनी पोपटाच्या लेबलावर हात ठेवला.

“फोटो न्हाई तिचा. लगीन न्हाई, लेकरू न्हाई. तिला बघितलेलं एक माणूस आता ह्या जगात उरलं न्हाई, मी सोडून. तिनं तिच्या तोंडानं नाव सांगितलेलं तेवढं एका जागी होतं. तू फोन केलास तवा मला वाटलं, देवानं माझं पाप धुतलं. दोन महिने डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. रविवारी सगळ्यांदेखत ऐकायचं आणि उठून सांगायचं, लोकहो, ही मी न्हवं, ही माझी बहीण, हे बघा ती काय म्हणतीय… एवढंच करायचं ऱ्हायलं होतं माझं.”

वैजनाथला रडू आवरेना. शहाणासुरता माणूस, पण लहान मुलासारखा नाक ओढत रडला. आपण काय करून बसलो, हे त्याला आत्ता कुठं नीट कळत होतं. बाईंची दोन महिन्यांची वाट त्यानं आपल्या हातानं पुसून टाकली होती.

“बाई, मी रविवारचं रद्द करतो. पाचशेच्या पाचशे बाजूला टाकतो. नवं वेष्टन छापतो, नवं लेबल छापतो. मोठ्या अक्षरात तिचं नाव…”

“छाप की. छापायलाच पायजे. आणि मी येऊन सांगीन बी. पण लेबलावर काय रे, कुणाचंबी छापतात. माझं न्हवतं का छापलं?”



त्यानं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. “मला शिक्षा करा, बाई. गुरू म्हणून एवढं तरी करा.”

“शिक्षा कसली? मी केलं ते जळून केलं. तू मायेनं केलंस. तिचं नाव दोघांनी मिळून घालवलं.”

“पण मला माहीत नव्हतं…”

“मला म्हाईत होतं. ऊठ.”

तो उठला.

बाईंनी लॅपटॉप मिटवला. नवा संच, जुनी तबकडी, सगळं हातानं बाजूला सारलं. मग मांडी घालून त्या त्याच्या समोर बसल्या, शिकवायला बसत तशा, आणि त्यालाही समोर बसायची खूण केली.

“ते बोलणं तू किती डाव ऐकलंस?”

“कुठं कापायचं ते ठरवायला… पन्नास वेळा तरी.”

“मग हाय की तुझ्यापाशी.”

“काय, बाई?”

“म्हण.”

वैजनाथला काही कळेना. 

“ती म्हणाली तसं म्हण. जिथं थांबली असंल तिथं थांब, जिथं श्वास घेतला असंल तिथं घे. पदरचं घालू नको.”

वैजनाथनं डोळे पुसले. घसा खाकरला. 

“गाणार… छबू करकंबकर. राम राम मंडळी.”

बाईंनी मान हलवली.

“नावाआधी थांबली न्हवती ती. नाव सांगायची घाई होती तिला.”

“गाणार छबू करकंबकर. राम…”

त्याला पुन्हा रडू फुटलं.  त्यानं तोंड फिरवलं, तर बाईंनी त्याची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडं वळवली. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“रडत न्हवती रे ती,” बाई म्हणाल्या. “हसत म्हणाली होती. म्हण.”