पाटीवरचं नाव

“…पण थांबले असते तर माझी वेळ बिघडली असती ना, ताई?”

शाल्मलीनं सायकल द्वारकाताई निमकरांच्या बाकाला टेकवली. कालव्याकाठच्या सायकल मार्गावर, स्वतःच्याच नावाच्या निळ्या पाटीखाली त्या बसल्या होत्या. या शहरातून एकटीनं सायकलवर घाट उतरून थेट समुद्र गाठणारी पहिली बाई, म्हणून मार्गाला त्यांचं नाव दिलेलं. आता गुडघ्यांनी रामराम ठोकला होता. पण रोज सकाळी इथं येऊन बसणं सुटलं नव्हतं. येणारेजाणारे पाटी वाचत आणि पुढं जात. बाकावर शेजारी कुणी बसत नसे.

शाल्मलीनं पुन्हा विचारलं, “माझं चुकलं का?”

“काय झालं ते नीट सांग.”

“घाटात नूतनची सायकल पंक्चर झाली. मी पुढं निघून आले.”

“शर्यत होती?”

“नाही… सराव.”

सरावात एकीचं चाक बसलं की सगळ्यांनी उतरायचं, हा त्यांच्या गटातल्या मुलींचा रिवाज. शाल्मलीला तो ठाऊक नव्हता असं नाही. पण निवड चाचणी तोंडावर आली होती, आणि पुढं जाणाऱ्याला मागचं कशाला दिसतंय! तेव्हापासून पहाटे तिला हाक मारायला कुणी येईनासं झालं. सरावानंतरचा डबा ती एकटीच खात होती. तिला फार एकटं वाटत होतं, आणि ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

“तुम्हीही एकट्याच गेलात की,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “म्हणून तर पाटी लागली.”

ताईंनी मान वर करून पाटीकडं पाहिलं.

मग काठी टेकत उठल्या. शाल्मलीच्या सायकलचा पंप काढून त्यांनी काखेत धरला, खाली वाकल्या आणि मागच्या चाकाची हवा सोडून दिली.

चाक फुसफुसत जमिनीला टेकलं.

“ताई, हे काय? घर केवढं लांब आहे माझं.”

“चालत जा. याच रस्त्यानं.”

“आणि पंप?”

“तो राहू दे माझ्याकडं. तुझ्या मैत्रिणी येतीलच आता सरावाला. त्यांच्याकडं असेल.”

दूर पुलापाशी हेल्मेटं दिसू लागली होती. सगळ्यांत पुढचं पिवळं, नूतनचं. हँडल धरून शाल्मली जागीच उभी राहिली.

“ताई…”

“हं.”

“कुणीच थांबलं नाही तर?”

द्वारकाताई परत पाटीखाली जाऊन बसल्या. पदर सारखा केला.

“तर तुझ्याही नावाची पाटी लागेल.”