अख्खी कात

एका जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात, एक तरुण अजगर आपल्या धाकट्या बहिणीबरोबर राहत असे. स्वभावाने तो उतावळा, पण बहिणीवर त्याचा भारी जीव. मुलांनो, पूर्वी त्या बिळात ते तिघे होते. बीळ शोधले होते थोरल्या भावाने. मागच्या थंडीत त्याच्या पोटावरच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड आले, ते चिघळले आणि तो गेला. आता तसलेच फोड धाकटीच्या पोटावर दिसले, तेव्हा अजगराच्या काळजात धस्स झाले. 'एक गेला. हिला नाही जाऊ देणार!' असे तो स्वतःलाच बजावत राहिला.

जो जे सांगेल ते त्याने केले. कडुनिंबाचा रस लावला, रानहळदीचा चोथा लावला. शेजारचा बेडूक म्हणाला, "अंथरूण थंडगार हवं बघ. ओला पाला घाल, ओला! ओलाव्यासारखं सुख नाही." अजगर रोज ओढ्यातून भिजलेला पाला आणून बहिणीखाली पसरू लागला. फोड वाढतच चालले. शेवटी तो म्हाताऱ्या घोरपडीला बोलावून घेऊन आला.

घोरपडीने बिळात डोके घातले आणि नाक मुरडले. "औषध किती वेळा लावतोस?"

"दिवसातून सात वेळा, मावशी!"

"आणि ही निजते कुठे?"

"इथेच की. या पाल्यावर."

"शाबास! वरून औषध आणि खालून चिखल. अरे, आधी हिला बाहेर काढ."

अजगर फुत्कारला. "हे बीळ माझ्या दादाचं आहे! अजून त्याचा वास येतो इथे. मी नाही सोडणार."

"वास राहिलाय, तसं त्याचं दुखणंही इथेच राहिलंय, पोरा."

तो घोरपडीच्या अंगावर धावून जाणार, इतक्यात आतून बारीक आवाज आला, "दादा, मला थोडं ऊन हवंय रे." आजवर ही हाक फक्त थोरल्यासाठी होती. अजगर जागच्या जागी थबकला. मग तो बहिणीला आधार देत टेकडीवरच्या सपाट खडकाकडे घेऊन गेला.

खडकाच्या कपारीत त्याने सागाची कोरडी पाने अंथरली. रोज सकाळी तो तिचे पोट स्वच्छ पाण्याने धुई, कोवळ्या उन्हात सुकू देई, मगच रस लावी, आणि पाने बदलत असे. काही दिवसांनी तिचे डोळे दुधाळ झाले, अंगावरची कातडी सैल पडली. "ओढून काढू का?" अजगर अधीर झाला. "खबरदार!" घोरपड ओरडली. "खालची कातडी अजून कोवळी आहे. कात आपल्या वेळेला सुटते." बिचाऱ्याने स्वतःचीच शेपटी दातांत धरली आणि वाट पाहिली.

आणि एका सकाळी धाकटीने खडकाला नाक घासले. कात ओठांपासून सुटली आणि शेपटीच्या टोकापर्यंत अख्खी निघाली! खालचे पोट कोरडे, नितळ. एकही फोड नाही. ती सरसर ऐनाच्या झाडावर चढली आणि वरून ओरडली, "दादा, पकड मला!" आवाज ऐकून बेडूक आला. "एवढ्या उन्हात? मी तर वाळून गेलो असतो!"

"गेला असतास खरा," अजगर हसला, "पण आम्ही बेडूक नाही ना!"

मग ती कात तोंडात धरून तो जुन्या बिळाशी गेला. दाराशी ती पसरून म्हणाला, "दादा, बघ. अख्खी निघाली." आणि पुन्हा तिथे कुणी निजू नये म्हणून एकेक धोंडा ढकलत त्याने ते बीळ बुजवून टाकले.

तात्पर्य : ज्या जागेने दुखणे दिले ती जागा माणूस मायेपोटीही धरून बसला, तर औषध हरते; ती सोडून धीर धरला, तर शरीर जिंकते.