बाटलीवरचं नाव

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शिपायानं माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले. माझ्या लेकीला, आरोहीला इंग्रजी शाळेत घालायचं होतं, पण संस्थेचे नाडगौडा साहेब पोरांऐवजी आयांचीच परीक्षा घेत होते.

फळ्यावर चार अक्षरं होती: सी, एम, पी, टी. साहेब म्हणाले, "ही चारही ज्यात येतात असा दहा अक्षरांहून मोठा इंग्रजी शब्द सांगा. आईला इंग्रजी येत नसेल तर पोरीला प्रवेश नाही." माझ्या आधीची बाई 'कंप्युटर' म्हणाली, तर "आखूड आहे" म्हणून तिला परत पाठवलं होतं.

मी सातवी शिकलेली. कडेवर आरोही तापानं फणफणलेली. तिच्याकडे बघता बघताच मला सुचलं. पिशवीतून तिच्या औषधाची बाटली काढली आणि नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पॅरासिटामॉल. चारही अक्षरं त्यात होती आणि एकूण भरली अकरा.

साहेब हसले. "बघून कुणीही वाचेल, बाई. न बघता सांगा."

"न बघता कसं चालेल, साहेब? घरात खोकल्याची बाटलीही अशीच दिसते. मी दर वेळी नाव वाचूनच औषध देते. न बघता दिलं, तर तुम्ही प्रवेश कुणाला देणार?"

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी आरोहीच्या कपाळाला हात लावला आणि शिपायाला म्हणाले, "हिचं नाव लिहून घ्या. आणि त्या आधीच्या बाईंना परत बोलवा."

तुमच्या ओळखीतली कुणी आई इंग्रजीच्या भीतीनं शाळेच्या दारातून मागे फिरत असेल, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा.