काजळीच्या नावाचे तीन ठोके

दोन डोंगरांच्या मधे, नदीच्या वळणावर, फार पूर्वी एक गाव होतं. गावात देऊळ होतं, बाजार होता, एक शाळा होती आणि एक गोष्ट होती. पोर बोलायला लागलं की आधी 'आई' म्हणायला शिकायचं आणि लगेच ती गोष्ट.

गोष्ट छोटीशीच होती. नदीपलीकडे काजळी नावाची राक्षसीण राहायची. एका संध्याकाळी ती नदी ओलांडून आली आणि घाटावरचे सातही दिवे उचलून घेऊन गेली. मग एका शूर नावाड्यानं तिच्या डोळ्यांत राख फेकली आणि दिवे परत आणले. काजळी डोंगरात पळाली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. संपली गोष्ट.

गोष्ट संपली, पण गावाचा राग काही संपला नाही. काजळीचं नाव कानावर पडलं की ऐकणाऱ्यानं जवळच्या लाकडावर तीनदा मूठ आपटायची, अशी तिथली रीतच होती. धप्, धप्, धप्. घरात असाल तर दारावर, शेतात असाल तर बैलगाडीवर. आसपास लाकूड नसलंच तर शेजाऱ्याच्या पाठीवर आपटली तरी चालायचं, आणि शेजारीही त्याचं वाईट वाटून घ्यायचा नाही.

या गावच्या शाळेत एक तरुण शिक्षिका नेमली गेली. राजधानीच्या विद्यालयात शिकलेली, हुशार, मुलांचं वेड असलेली. फक्त एक होतं. ती फार दचकायची. भांडं पडलं की दचकायची, दार वाजलं की दचकायची, कुणी मागून नुसतं 'अहो' म्हटलं तरी हातातलं काहीतरी खाली पडायचं. ती निघाली तेव्हा थोरल्या बहिणीनं तोंडावर सांगितलं होतं, "तू मांजराला घाबरतेस आणि बावीस पोरांपुढे उभी राहणार? तीन महिन्यांत परत येशील." गाडी डोंगर चढेपर्यंत बाई तेच वाक्य मनात घोळवत होत्या.

त्या वर्षी दरबारानं एक नवा हुकूम काढला होता. सहावीच्या मुलांनी सुटे सुटे धडे पाठ न करता एक अख्खी कादंबरी वाचायची, तीही आपल्या भागातल्या जुन्या गोष्टीची नव्यानं लिहिलेली. या गावाच्या वाट्याला अर्थातच काजळीची कादंबरी आली. एकशे वीस पानं, आणि सगळी नदीपलीकडून सांगितलेली. पहिलंच वाक्य होतं, 'काजळीच्या घराला खिडकी नव्हती.'

शाळेचे थोरले पंतोजी तसे भले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना सगळं नीट समजावून सांगितलं. तीन महिन्यांनी दरबारचे तपासनीस येणार. मुलांनी बरोबर उत्तरं दिली तर बाईंची नेमणूक कायम. नाही दिली तर बाई परत राजधानीला आणि पुस्तकं माळ्यावर.

पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि वाचलं, "काजळीच्या..."

धप्, धप्, धप्. बावीस मुठी एकदम बाकावर आपटल्या. बाई जागच्या जागी वीतभर उडाल्या. पुस्तक एकीकडे, खडू दुसरीकडे. पोरं हसून हसून लोळली.

पुस्तकात काजळीचं नाव पानोपानी होतं, एकेका पानावर आठ-आठ वेळा. आठवडा संपला तेव्हा वर्ग चौथ्या पानावर होता. मुलांनी पाटीवर रेघा मारायला सुरुवात केली होती. बाई आज किती वेळा दचकल्या त्याच्या. मल्हारी नावाचा एक दांडगा मुलगा यात सगळ्यांच्या पुढे होता. तो बोटानं ओळी धरत पुढचं पुढचं वाचून ठेवायचा. कशासाठी, तर नाव कुठे येतंय ते आधी कळावं आणि मूठ तयार ठेवता यावी.

बाई रोज खोलीवर जाऊन रडायच्या आणि रोज सकाळी तोंड धुऊन परत यायच्या.

एके दिवशी त्या वाचत होत्या, "काजळीनं मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचे केस..." इतक्यात मल्हारीची मूठ आपटली. बाई दचकल्या. आपल्या नजरेतून काहीतरी निसटलं, असं त्यांना नेहमीच वाटायचं. तेच आत्ताही वाटलं, आणि घाबरून त्या खरंच विचारत्या झाल्या, "का रे? काय केलं तिनं?"

मल्हारीनं पुस्तकात पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. त्याची मूठ तशीच बाकावर राहिली.

"केस विंचरले," तो म्हणाला.

"मग ते वाईट केलं का?"

वर्ग फिस्सकन हसला. पण या खेपेला हसणं बाईंवर नव्हतं. मल्हारीचे कान लाल झाले. बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांना स्वतःलाच आत्ता काहीतरी सापडल्यासारखं झालं होतं. त्या सावकाश म्हणाल्या की ज्याला मूठ आपटायची असेल त्यानं खुशाल आपटावी, गावची रीत मोडायला आपण कोण. फक्त आपटल्यावर उभं राहायचं आणि ज्या ओळीसाठी आपटली ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची.

पोरांना वाटलं, एवढंच ना. दुसऱ्या दिवशी मुठी पुन्हा आपटल्या आणि एकेकाला उभं राहावं लागलं. एकानं वाचलं, काजळीनं चूल पेटवली. एकीनं वाचलं, काजळीला ठेच लागली. तिसऱ्यानं वाचलं, सूर्य बुडाला की काजळीच्या मुलीला काही दिसत नसे, म्हणून काजळीनं दारापासून नदीपर्यंत एक दोर बांधला, मुलीला धरून चालता यावं म्हणून. एवढं वाचून तो मुलगा खाली बसला आणि त्या दिवशी पुन्हा त्यानं मूठ उचलली नाही.

पानं भराभर उलटू लागली. वर्गात आता नुसती भांडणं होत. तुंगा नावाची एक मुलगी होती, सगळ्यांत बारकी आणि सगळ्यांत हट्टी. तिनं काजळीचा पक्षच घेतला. कुणाची मूठ नुसती हलली तरी ती मान वळवून बघायची. मल्हारी तिला 'काजळीची मावशी' म्हणायचा आणि ती त्याला 'ओळ वाच, ओळ' म्हणून गप्प करायची.

मग अठ्ठावन्नावं पान आलं. त्या पानावर काजळी घाटावर येते आणि सातही दिवे नेते. त्या अंधारात एक नाव दगडावर आपटते. माणसं पोहून काठाला लागतात, पण नावेतली एक लहान मुलगी सापडत नाही.

मल्हारीसुद्धा पुस्तकात मान घालून बसला होता. मग एक मूठ आपटली. धप्, धप्, धप्. तुंगा उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. तिनं ओळ वाचली, "नावेतली मुलगी सापडली नाही." आणि म्हणाली, "हे तिनं वाईट केलं. सातही न्यायला नको होते."

मग एकेक करून साऱ्या वर्गानं मुठी आपटल्या. बाई दचकल्या नाहीत असं नाही. पण त्या दिवशी पाटीवर रेघ कुणी मारली नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि कादंबरीची चाळीस पानं अजून शिल्लक होती. मधल्या सुट्टीत पंतोजी आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"हे बघा बाई, तुमचं भलं व्हावं म्हणून सांगतो," ते म्हणाले. "तपासनीस दहा-बारा प्रश्न विचारतात आणि निघतात. उत्तरं मी लिहून आणलीत. घोकून घ्या पोरांकडून. राहिलेलं पुस्तक राहू द्या."

बाईंनी कागद वाचला. पहिला प्रश्न होता, काजळी कोण होती? उत्तर, दुष्ट राक्षसीण. पुढची उत्तरंही अशीच होती, एकेका श्वासात म्हणता येतील अशी. बाईंच्या जिवाला केवढा आधार वाटला. आठ दिवस घोकायचं, परीक्षा पार, नेमणूक कायम, आणि बहीण खोटी पडणार.

सुट्टी संपल्यावर त्यांनी फळ्यावर पहिलं उत्तर लिहिलं. मुलांनी पाट्या काढल्या, पण लिहिलं कुणीच नाही.

"बाई," तुंगा म्हणाली, "म्हणजे पुस्तक नाही वाचायचं? मग त्या मुलीचं काय झालं? ती अजून दोर धरून उभी आहे."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. आपल्याच हातचं अक्षर त्यांना अनोळखी वाटलं. हे पुसलं तर परत जावं लागेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नाही पुसलं तर या बावीस जणांना आपण काय शिकवलं, हेही कळत होतं. त्यांनी फळ्यावरून हात फिरवला.

"पान एक्याऐंशी," त्या म्हणाल्या. "कोण वाचतंय?"

परीक्षेच्या दिवशी अख्खं गाव शाळेत लोटलं. दारात माणसं, खिडकीत माणसं. तपासनीस मधोमध बसले. ते याच भागातले, पिकल्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बरं तर," तपासनीस म्हणाले, "काजळीची गोष्ट."

धप्, धप्, धप्. दारातल्या माणसांनी चौकटीवर, खिडकीतल्यांनी झडपांवर, पंतोजींनी खुर्चीच्या हातावर आणि खुद्द तपासनिसांनी टेबलावर मुठी आपटल्या. बाई दचकल्या. पण वर्गातली बावीस मुलं हाताची घडी घालून शांत बसली होती.

तपासनिसांच्या भुवया चढल्या. त्यांनी विचारलं की या वर्गाला नाव ऐकू आलं नाही की काय.

मल्हारी उठला. "आलं ना, सरकार. पण तुम्ही नुसतं नाव घेतलंत. अजून तिनं काही केलेलं नाही."

दारात कुजबुज झाली. पंतोजींनी डोळे मिटून घेतले.

"असं?" तपासनीस म्हणाले. "मग एका शब्दात सांगा. काजळी दुष्ट होती की चांगली?"

तुंगा उभी राहिली. बाकापेक्षा थोडीशीच उंच दिसत होती.

"कुठल्या पानावर?" तिनं विचारलं.

तपासनिसांनी इतक्या शाळा पाहिल्या, इतकी पोरं तपासली, पण प्रश्नावर असा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. त्यांनी समोरचं पुस्तक ओढलं आणि म्हणाले की दाखवा तर खरं, कुठल्या पानावर काय.

मुलांनी दाखवलं. एकानं केस विंचरलेले वाचले, एकानं दोर बांधलेला वाचला. मल्हारीनं अठ्ठावन्नावं पान वाचलं, आणि नावेतली मुलगी सापडली नाही या ओळीला बावीस मुठी बाकावर एकदम आपटल्या. गावकऱ्यांचे हात मात्र तसेच राहिले. ते ऐकण्यात इतके बुडाले होते की मूठ आपटायची त्यांना आठवणच राहिली नाही.

"पण तिनं दिवे नेलेच का?" तपासनिसांनी विचारलं. आता त्यांचा आवाज परीक्षा घेणाऱ्याचा राहिला नव्हता.

तुंगानं एक्केचाळिसावं पान काढलं आणि वाचलं. "काजळी वेशीपाशी आली आणि हात जोडून म्हणाली, माझ्या मुलीला सांजवेळी दिसत नाही. सातांतला एक दिवा द्या, तेल मी माझं घालीन. गाव हसलं. कुणीतरी म्हणालं, राक्षसिणीच्या पोरीला उजेड कशाला? आणि वेस बंद झाली."

तुंगा थांबली. तपासनिसांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "मग इथे कुणाच्या नावानं मूठ आपटायची?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. आपल्याच गावावर कशी आपटायची?

तेव्हा मागून आवाज आला. धप्. थोडं थांबून, धप्. आणि पुन्हा, धप्. पंतोजी उभे होते. खुर्चीच्या हातावर त्यांची म्हातारी मूठ होती.

"आपल्या," ते म्हणाले.

मग दाराच्या चौकटीवर एक मूठ पडली. मग खिडकीत एक. मग साऱ्या गावानं, मान खाली घालून, आपल्याच नावानं तीन तीन ठोके दिले. तो आवाज नदीपर्यंत गेला असेल.

तपासनिसांनी शेरा लिहिला, 'प्रश्न विचारायला आलो होतो, उत्तर शिकून परत निघालो.' खाली बाईंची नेमणूक कायम केल्याची सही केली. मुलांनी असा काही गलका केला की बाई पुन्हा वीतभर उडाल्या आणि उडता उडताच हसायला लागल्या.

परीक्षा संपली तरी गाव काही हलेना. शेवटी दारातल्या एका नावाड्यानं मल्हारीला विचारलंच, "ए बाबा, मग त्या काजळीच्या पोरीचं पुढं काय झालं?"

मल्हारीनं छाती पुढे काढली. "ते मी नाही सांगणार, काका. पुस्तक इथेच आहे. या वाचायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात आल्या तेव्हा पुढचे तीन बाक मोठ्या माणसांनी भरले होते आणि मुलं त्यांना पान काढून देत होती.

तात्पर्य: कुणाचं नाव ऐकून मूठ उगारू नये, त्यानं काय केलं ते आधी नीट वाचावं, विचारावं, आणि मगच ठरवावं. आणि वाचता वाचता चूक आपलीच निघाली, तर तीच मूठ तितक्याच जोरात आपटण्याचं धैर्यही असावं.